कुंभकर्णासाठी लॅपटॉप

मुकुंदकाका आगाशे लॅपटॉप विकत घेण्याआधी त्याचा वास घ्यायचे. अत्तराच्या दुकानात लोक लांबून, सभ्यपणे घेतात तसा नव्हे. लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलायचा, आडवा धरायचा, त्याची गरम हवा बाहेर पडते त्या जाळीला नाक टेकवायचं आणि डोळे मिटून असा श्वास ओढायचा की दुकानाचं शटर आतल्या बाजूला वाकावं. मग निकाल. "ऑफिसातला आहे. चहा सांडलाय. बिनसाखरेचा." बुधवार पेठेतल्या एका दुकानात तर त्यांनी सांगितलं, "याचा आधीचा मालक बाणेरला राहायचा आणि साहेबाचा राग याच्यावर मूठ आपटून काढायचा." दुकानदार पांढराफटक पडला, कारण तो लॅपटॉप त्याच्या सख्ख्या मेहुण्याचा होता. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मेहुणा बाणेरचा नसून वारज्याचा निघाला, एवढाच काय तो फरक.

"नाक हा माणसाला मिळालेला पहिला मीटर आहे, श्रीपाद," ते मला म्हणायचे. "आणि हा एकच मीटर असा, की ज्याचं बिल येत नाही."

काका आमच्या धायरीतल्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच सोसायटीत, माझ्या बरोबर डोक्यावर राहायचे. नाक असं, की स्कूटर वळवताना आधी ते वळायचं आणि मागून काका. आवाज खडकवासल्यातून पाणी सोडतात तेव्हा भोंगा होतो, त्याच्या जरा वरचा. एकदा त्यांनी गॅलरीतून काकूंना "अगं, कोथिंबीर आण" असं सांगितलं, तर सिंहगड रस्त्यावरच्या चार अनोळखी बायका कोथिंबीर घेऊन घरी गेल्या.

पण काकांची खरी ओळख म्हणजे आमच्या गल्लीच्या तरुण मंडळाचा हलता देखावा. तरुण मंडळ म्हणजे नावाचं तरुण. कार्यकारिणीतल्या सगळ्यांचे मिळून गुडघे मोजले तर चालणारे तीनच निघतील. गणपतीत दरवर्षी काका पुतळे करायचे, रंगवायचे आणि त्यांना हालचाल द्यायचे. हालचाल द्यायचे म्हणजे मला स्टेजखाली बसवून माझ्या हातात दोऱ्या द्यायचे. लोक वर बघून हात जोडायचे, आणि मी खाली डास मारत एक दोरी पायाने, एक हाताने आणि एक दातात धरून देवदानवांना हलवायचो. गजेंद्रमोक्षाच्या वर्षी मगरीने हत्तीचा पाय धरला तो विसर्जनापर्यंत सोडलाच नाही. विष्णू रोज संध्याकाळी यायचे, बघायचे आणि परत जायचे. समुद्रमंथनाच्या वर्षी दोर तुटला आणि एक असुर उडून थेट वडापावच्या गाडीवर बसला. त्या गाडीचा धंदा त्या दिवसापासून असा वाढला, की गाडीवाल्याने आता दोन फ्लॅट घेतले आहेत.

काका खचायचे नाहीत. म्हणायचे, "देखावा बिघडतो तेव्हाच लोक थांबून बघतात. सुरळीत काय, घड्याळही चालतं."

मंडळाचे अध्यक्ष बंटीशेठ. मूळचे इथलेच. आजोबांनी जिथे हरभरा पेरला तिथे नातवाने सात मजली इमारती पेरल्या, आणि त्या उगवल्याही. शाळेत ते काकांच्या हाताखालून गेलेले. विषय 'माझी आई' असो, 'पावसाळ्यातला एक दिवस' असो, बंटी ट्रॅक्टरच काढायचा. काकांनी एकदा वैतागून त्याला सांगितलं होतं, "बंट्या, आज ट्रॅक्टर काढ." तर त्याने त्या दिवशी दोन काढले. अध्यक्ष झाल्यावरही बंटीशेठ काकांना 'सर' म्हणत आणि त्यांच्यासमोर गळ्यातली साखळी शर्टाच्या आत सारत.

त्या वर्षी पहिल्याच मीटिंगला बंटीशेठ उभे राहिले, साखळी आत सारली आणि म्हणाले, "सर, राग मानू नका. पण लोक आता थांबत न्हाईत. समोरच्या मंडळानं एलईडी वॉल लावली. पडद्यावर डायरेक्ट समुद्र. लोकांच्या अंगावर लाटा येत्यात. आपल्याकडं काय हाय? आपल्याकडं श्रीपाद हाय."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. दातात दोरी धरणाऱ्याला दुसरं काय येतं?

काका मात्र हसले नाहीत. "या वर्षी कुंभकर्ण करतोय," ते म्हणाले. "सोळा फुटी. तो झोपेतून उठेल, आळस देईल, परत झोपेल. एकही दोरी नाही. मायक्रोकंट्रोलरवर."

हा शब्द ऐकून खजिनदारांनी पाण्याची बाटली उघडली. बंटीशेठनी बराच विचार केला. मग म्हणाले, "ठरलं सर. पुढच्या महिन्यात मोठी मीटिंग हाय. त्या दिवशी सगळ्यांसमोर कुंभकर्ण उठला, तर देखावा तुमचा. न्हाई उठला, तर एलईडी वॉल. कायमची. मंग सर, तुम्ही फक्त आरतीला यायचं. पहिल्या रांगेत खुर्ची देतो, कुशनवाली."

कुशनवाली खुर्ची! माणसाला हाकलण्याची याहून मऊ पद्धत पुण्यात अजून निघालेली नाही. त्या संध्याकाळी काकांनी चहा वास न घेता प्यायला. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि परत आत गेल्या.

आता हे मायक्रोकंट्रोलरचं खूळ आलं कुठून, तर उन्हाळी शिबिरातून. काका नातवाला सोडायला म्हणून तिथे गेले. नातू कंटाळून पहिल्याच दिवशी घरी आला. काका शिबिर संपेपर्यंत तिथेच बसले, तिसरीतल्या मुलांच्या मध्ये, गुडघे कानापर्यंत दुमडून. येताना एक निळी पाटी घेऊन आले. काड्यापेटीएवढी. लॅपटॉपवर चार ओळी लिहायच्या, वायरीने त्या पाटीत ओतायच्या, की ती पाटी दिवे लावते, मोटारी फिरवते, सांगाल ते आणि सांगाल तेव्हा करते. "आपल्याला विद्यार्थी असा मिळायला हवा होता," काका म्हणाले. "एकदा सांगितलं की लक्षात ठेवतो आणि ट्रॅक्टर काढत नाही." ती पाटी ते काकूंच्या जुन्या चष्म्याच्या डबीत, मलमलच्या फडक्यात गुंडाळून खिशात बाळगायचे. अडचण एकच होती. शिबिरातले लॅपटॉप शिबिरातच राहिले होते.

म्हणून आम्ही निघालो. त्या शोधात माझाही स्वार्थ होता हे उघड आहे. मला स्टेजच्या वर येऊन एकदा तरी गणपती बघायचा होता.

काकूंनी लॅपटॉपसाठी जी रक्कम मंजूर केली होती, ती ऐकून पहिल्या चकचकीत दुकानातल्या विक्रेत्याने आम्हाला माऊस दाखवला. मग जरा सावरून तो म्हणाला, "काका, बजेट थोडं वाढवा. यात ग्राफिक्स कार्ड येईल."

"अहो, मी आयुष्यभर चित्रकला शिकवली," काका म्हणाले. "ग्राफिक्सचं माझं मी बघतो."

"मग हा गेमिंगचा बघा. जबरदस्त स्पीड आहे. आपलं नेमकं काम काय?"

"कुंभकर्णाला झोपेतून उठवायचंय."

विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने बराच वेळ छताकडे बघून विचारलं, "सर, त्याला किती जीबी लागेल?"

"काही लागत नाही!" काका उसळले. "मला चंद्रावर यान सोडायचं नाही. चार ओळी लिहायच्यात. पडदा दिसला पाहिजे, बटणं दाबली गेली पाहिजेत आणि वायर जिथे खुपसतात ते भोक शाबूत पाहिजे. शेवग्याची शेंग आणायला कोणी ट्रक काढतं का?"

हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, असं मला नंतर जाणकारांनी सांगितलं. असल्या छंदाला जुना, वापरलेला, बऱ्यापैकी लॅपटॉप रग्गड होतो. तेव्हा आम्ही नव्याचा नाद सोडून जुन्याच्या मागे लागलो. आणि तिथून पुढे काकांनी जे केलं, त्याला पुण्याच्या व्यापारी इतिहासात तोड नाही.

वास घेऊन झाला की काका खिशातून चष्म्याची डबी काढत. मलमल उलगडत. निळी पाटी टेबलावर ठेवत. मग दुसऱ्या खिशातून एक लांब लाल वायर काढून तिचं एक टोक पाटीला, एक लॅपटॉपला लावत. पाटीवरचा इवलासा दिवा लागे. काका वाकून, कान लॅपटॉपजवळ नेऊन, म्हणत, "बोल."

लॅपटॉप बोलत नसे. म्हणजे जोडलेली पाटी दिसतेय, असं काहीही त्याच्या पडद्यावर येत नसे. काका ताठ होत. "मुका आहे," ते जाहीर करत. "चला, श्रीपाद."

"काका, वायर बघा की एकदा," असं कोणी दुकानदार भीत भीत म्हणालाच, तर काका पाटीवर बोट ठेवत. "दिवा लागलाय, दिसतोय? दिवा लागला म्हणजे वीज गेली. वीज गेली म्हणजे वायर चोख. वायर चोख, पाटी चोख, मी चोख. आता राहिलं कोण?" यावर दुकानदार स्वतःच्याच लॅपटॉपकडे संशयाने बघू लागे.

असे आम्ही अर्ध्या पुण्याचे लॅपटॉप मुके ठरवले. काळे, करडे, चंदेरी. एक तर इतका सुंदर होता, हलका, वेगवान, बॅटरी दिवसभर पुरणारी, आणि काकूंच्या बजेटमध्ये बसणारा, की काकांनी त्याला दोनदा "बोल" म्हटलं. एकदा प्रेमाने, एकदा दरडावून. तो बोलला नाही. काकांनी त्याच्या झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाले, "रूप आहे, वाचा नाही." दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. आमची कीर्ती आमच्या पुढे धावू लागली. आम्ही गल्लीत शिरलो की शटरं निम्मी खाली येत. एका दुकानात आम्ही पोचायच्या आत ताजी पाटी लागली होती: 'लॅपटॉपचा वास घेऊ नये. घेतल्यास लॅपटॉप घ्यावा लागेल.'

मीटिंग जवळ येत चालली. काकांनी घरी थर्माकोलचा कुंभकर्ण घडवायला घेतला होता. त्याचं डोकं दिवाणखान्यात, पोट जिन्यात आणि पाय माझ्या घरात होते. रोज सकाळी दूधवाला त्या पोटाला वळसा घालून वर जायचा. काका बसून त्या मोठ्या, मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहायचे. एक दिवस सहज म्हणाले, "कुशनवाली खुर्ची पहिल्या रांगेत असते ना रे? तिथून देखावा फार जवळून दिसतो. जवळून काही चांगलं दिसत नाही."

मग आम्हाला तो सापडला. मंडईच्या मागच्या बोळात, लाकडी जिना चढून वर, एक चष्मेवाला दुकानदार लॅपटॉपांच्या ढिगात बसून पेरू खात होता. ढिगाच्या तळाशी एक लॅपटॉप होता. जाड. दगडी पाट्यासारखा. मी तो उचलला तेव्हा माझ्या खांद्यातून आवाज आला.

"याची बिजागरी गेलीये," दुकानदार म्हणाला. "पडदा कशाला तरी टेकवून ठेवा. तुम्ही नाही बसत टेकून?"

"बॅटरी?" काकांनी विचारलं.

"आहे."

"चालते?"

"आहे म्हटलं."

"आणि हे बटण? इथे नुसतं भोक दिसतंय."

दुकानदाराने चष्मा पुसला. "तो अर्धविराम. स्वल्पविरामाच्या डोक्यावर टिंब असतं ना, तो. माझ्या उभ्या हयातीत इथे कोणी अर्धविराम मागायला आलेलं नाही. तुम्हाला लागतो?"

"छे!" काका म्हणाले. "मी थेट पूर्णविराम देतो."

वास घेऊन झाला. ("मेथी. पेरू. थोडी आंबेहळद. प्रामाणिक वास आहे.") काकांनी डबी काढली, लाल वायर काढली, पण मध्ये पेरूंची टोपली होती आणि वायर तिच्या पलीकडे पोचेना. दुकानदार पेरू हलवायला तयार नव्हता. त्याने टेबलाखालून स्वतःची एक मळकी, लांबलचक वायर काढली आणि पाटीला लावली.

"बोल," काका म्हणाले.

आणि पडद्यावर पाटीचं नाव उमटलं! शिबिरात वापरायचे तशा दोन आयत्या, लिहून ठेवलेल्या ओळी काकांनी पाटीत ओतल्या आणि पाटीवरचा दिवा सांगितल्याप्रमाणे डोळे मिचकावू लागला. काकांनी मला मिठी मारली. मग दुकानदाराला. मग माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी एका पेरूलाही मिठी मारली. "अख्ख्या पुण्यात एकच बोलका लॅपटॉप आहे," ते गहिवरून म्हणाले, "आणि तो मंडईच्या मागे निघाला. मंडईत कोण मुकं असतं?"

घरी आल्यावर काकूंनी लॅपटॉपला कुंकू लावलं. पडदा तेलाच्या डब्याला टेकवला. काकांनी लाल वायर जोडली. दिवा लागला.

"बोल."

मुका.

मी मटकन कुंभकर्णाच्या डोक्याशी बसलो. काका मात्र अजिबात डगमगले नाहीत. "नवीन घर आहे," ते म्हणाले. "माहेर सुटलंय त्याचं. रुळायला वेळ देऊ." त्यांनी लॅपटॉपशी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली, म्हणजे फक्त आमच्याच सोसायटीला ऐकू जाईल इतक्या. शेवटी त्याला ओळखीचा वास यावा म्हणून मंडईतून मेथीची जुडी आणून त्याच्या शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी मुळा. तिसऱ्या दिवशी शेपू. शेपूने लॅपटॉप बोलला नाही, पण खालच्या मजल्यावरचे लोक बोलले.

मीटिंग परवावर आली. काका तेलाच्या डब्यासमोर गप्प बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज आमच्या घरी ऐकू येत नव्हता, म्हणून मी घाबरून वर गेलो. तेवढ्यात काकू आतून आल्या आणि हात पुढे केला. "ती वायर द्या हो. माझा भजनाचा स्पीकर बंद पडलाय. चार्ज करायचाय."

"कामाची आहे ती," काका पुटपुटले.

"कसली कामाची? तिच्यातनं नुसतं चार्जिंग होतं. स्पीकरमध्ये भजनं भरायची तर दुसरी वायर लागते, पांढरी. ती माझ्या डब्यात आहे. स्पीकर घेतानाच त्या दुकानातल्या मुलीने सांगितलं होतं. लालमधनं फक्त वीज जाते, बाकी काही जात नाही."

खोलीत इतकी शांतता पसरली की मुठा नदी वाहताना ऐकू आली, आणि ती त्या दिवसांत वाहत नव्हती.

"म्हणजे ते सगळे लॅपटॉप…" मी म्हणालो.

"अगं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?" काका ओरडले. आवाज परत आला होता.

"विचारलंत?" काकू म्हणाल्या. "पुण्यातल्या एकूण एक दुकानदाराला विचारलंत. घरात विचारलंत?" आणि त्या पांढरी वायर आणायला आत गेल्या.

पांढरी वायर लावताक्षणी लॅपटॉप पोपटासारखा बोलला. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. अर्ध्या पुण्याचे धडधाकट, देखणे, हलके लॅपटॉप नाकारून आपण हा बिजागरी तुटलेला पाटा घरी आणला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू सरकत गेलं. मग ते म्हणाले, "श्रीपाद, ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये." म्हणूनच मी ती फक्त तुम्हाला सांगतोय.

पुढे लिहायला बसले, तेव्हा कळलं की पाटीला कळणाऱ्या भाषेत प्रत्येक ओळ एकाच चिन्हाने संपवावी लागते. अर्धविरामाने. नाहीतर पाटी काही घेतच नाही. काकांनी त्या रिकाम्या भोकाकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. काकूंनी देवघरातून एक उदबत्ती आणून दिली. तिची काडी भोकात खुपसली की अर्धविराम उमटायचा. टक टक टक टक, खुपस. टक टक टक, खुपस. दोन दिवस घरातून हाच आवाज येत होता. कुंभकर्ण जिन्यात अडकलेला असल्यामुळे सगळी चाचणी मोटारीला चमचा बांधून झाली. चमचा उठायचा, चमचा आळस द्यायचा, म्हणजे उजवीकडे ताठ उभा राहायचा, चमचा झोपायचा. किती वेळ झोपायचं हे सांगताना सेकंदाचे हजार तुकडे करून आकडा लिहावा लागायचा, त्यामुळे शून्यंच शून्यं. शेवटच्या दिवशी काकांच्या डोळ्यांपुढे शून्यांची रांगोळी नाचत होती.

मोठी मीटिंग मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. सगळी गल्ली लोटली होती. एका बाजूला बंटीशेठनी एलईडी वॉलवाल्याला नमुन्यासह आणून बसवलं होतं. पडद्यावर समुद्र उसळत होता आणि पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं उगीच पाय वर घेत होती. दुसऱ्या बाजूला स्टेजवर आमचा सोळा फुटी कुंभकर्ण आडवा. त्याच्या पोटात काकूंचा स्पीकर होता, आणि त्यातून घोरणं ऐकू येत होतं. ते घोरणं माझं होतं. माझ्या बायकोने माझ्या नकळत ते बरीच वर्षं जमवून ठेवलं होतं.

काकांनी शेवटच्या ओळी पाटीत ओतल्या. लॅपटॉप मिटायला गेले, तर उरलीसुरली बिजागरी तुटली आणि पडदा त्यांच्या हातात आला. शेडभर 'अरेरे' झालं.

"गेला की वो सर लॅपटॉप!" बंटीशेठ ओरडले. "आता?"

काकांनी शांतपणे वायर उपसली. "त्याचं काम झालं. पाटीला शिकवलं, संपलं. मास्तर वर्गाबाहेर गेला म्हणून मुलं पाढे विसरतात का?"

"मी इसरायचो, सर," बंटीशेठ म्हणाले, आणि सगळी शेड हसली.

कुंभकर्णाचं बटण दाबलं. दिवा लागला. ढोल वाजले. ताशे वाजले. पोरांनी "उठ, कुंभकर्णा!" म्हणून गलका केला. कुंभकर्ण घोरत राहिला. ढोलवाल्यांनी पुन्हा एकदा जीव तोडून वाजवलं. कुंभकर्ण घोरत राहिला. मी सवयीने स्टेजखाली जाऊन बसलो होतो, पण माझ्या हातात दोरीच नव्हती. मी डोकं बाहेर काढून बघितलं, तर वर काकांनी पुतळ्याच्या कुशीला नाक लावून एक दीर्घ श्वास घेतला. जळका वास नव्हता. मोटारी चांगल्या होत्या. त्यांनी वळून काकूंकडे बघितलं आणि ते स्टेजच्या पायरीवर बसले. एवढा मोठा माणूस, पण पायरीवर बसल्यावर शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा दिसत होता.

बंटीशेठ माइककडे गेले. काकांकडे न बघता त्यांनी साखळी आत सारली. "मंडळी," ते म्हणाले, "सरांनी लई केलं मंडळासाठी. पन शब्द तो शब्द. नाइलाज हाय. तवा, एलईडी वॉलला कुणाचा विरोध असंल, त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. लोक चपलांकडे बघत होते. एलईडी वॉलवाल्याने खिशातून पेन काढलं.

"कुणाचाच न्हाई?" बंटीशेठनी पुन्हा विचारलं. "शेवटचं इचारतो."

तेव्हा माझ्या डोक्यावरच्या फळ्या करकरल्या. घोरणं थांबलं. सोळा फुटी कुंभकर्ण हळूहळू उठून बसला. त्याने थाळीएवढे डोळे उघडले, सगळ्या सभेवरून नजर फिरवली, आणि उजवा हात ताठ वर केला.

एलईडी वॉलवाल्याचं पेन खाली पडलं.

"एक," बायकांच्या रांगेतून काकूंचा आवाज आला. "लिहून घ्या हो. विरोध आहे."

मग जे झालं ते सांगायला माझ्याकडे आवाज नाही. ढोल आपोआप वाजले. पत्रा उडायचा तो खजिनदारांनी धरून ठेवला. बंटीशेठ हसता हसता काकांसाठी आणून ठेवलेल्या कुशनवाल्या खुर्चीत कोसळले आणि खुर्ची मोडली. एलईडी वॉलवाला स्वतः उठून कुंभकर्णाला हात जोडून गेला. आणि कुंभकर्ण सगळ्यांना एकदा नीट बघून घेऊन परत आडवा झाला आणि माझ्या आवाजात घोरू लागला.

उलगडा नंतर झाला. अर्ध्या मिनिटाच्या झोपेत एक शून्य जास्त पडलं होतं, म्हणून पाच मिनिटं झाली होती. मी काकांना म्हणालो, "दुरुस्त करून टाकू." ते म्हणाले, "काही गरज नाही. वेळेवर उठायला तो काय दूधवाला आहे?" आणि त्या वर्षीच्या गणपतीत मी पहिल्यांदा स्टेजच्या समोर, माणसांत उभा राहून देखावा बघितला.

काका गेल्या चैत्रात गेले. सकाळी चहा हातात घेतला, वास घेतला, "आलं जास्त झालंय" म्हणाले आणि खुर्चीतच मान कलली. काकू म्हणाल्या, चहात आलं नव्हतंच. तो लॅपटॉप त्याच्या आधीच भंगारात गेला होता, आणि ते शून्य काढायचं कसं हे मंडळात कोणालाच माहीत नाही. या वर्षी पोरांनी कुंभकर्णावरची धूळ झटकली, बटण दाबलं. रस्त्यावर ही गर्दी. ढोल वाजून थांबले, तो घोरतच होता. मिनिट झालं, दोन झाली. लोक चुळबुळायला लागले, कोणीतरी शिट्टी मारली, कोणीतरी "बंद पडलाय रे, चला" म्हणून पुढे सरकलं.

बंटीशेठनी माइक हिसकावून घेतला. "ए, थांबा जरा!" ते ओरडले. "कुठं चाललाव? उठंल त्यो. आमच्या सरांनी शिकवलंय त्याला."